ग्वेंडाच्या खुर्चीवरचा उन्हाळा

१४ मे

फिलिपा आज ब्रिस्टलला परत गेली. जाताना ही वही टेबलावर ठेवून म्हणाली, "बाबा, तुम्ही कुणाशी बोलणार नाही हे मला माहीत आहे. निदान लिहा तरी." मी लिहीन म्हणालो. नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

ग्वेंडाला जाऊन तीन आठवडे होत आले. अंत्यविधी नीट पार पडला. हवा कोरडी होती. चर्चच्या हॉलमध्ये चहाला अपेक्षेपेक्षा जास्त लोक आले आणि हॅमची सँडविचेस कमी पडली. त्यात दोन पुरुष मला अनोळखी होते. एक जाडसर, पिवळा टाय लावलेला. नाव नाइजेल बॉटफील्ड, पूर्वी घरांची दलाली करायचा. दुसरा मुनीर काझी, टेलफर्डचा दातांचा डॉक्टर. ग्वेंडाच्या भरतकाम मंडळातल्या बायकांचे नवरे असतील असं मला वाटलं.

नाइजेलने माझा हात दोन्ही हातांत धरला. मला ते फारसं आवडत नाही.

"हॉवर्ड! अखेर भेटलात," तो म्हणाला. "तुमच्याशिवाय ती एक पाऊल टाकत नव्हती हो."

"रोज सकाळी तुमचं मत घेऊनच यायची," मुनीर म्हणाला.

"कशाबद्दल?" मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "भरतकामाबद्दल," मुनीर म्हणाला.

मला भरतकामातलं काहीही कळत नाही.

२० मे

नाइजेल घरी आला होता. सोबत त्याच्या बायकोने केलेला केक. अर्धा केक त्यानेच खाल्ला आणि मग म्हणाला, "हॉवर्ड, भरतकाम मंडळ नाहीये."

ते कधीच नव्हतं म्हणे. गेली नऊ वर्षं ग्वेंडा, नाइजेल आणि मुनीर लॉरेनच्या पबच्या मागच्या खोलीत बसून कसोटी सामन्यांवर पैसे लावत होते. एक साइट आहे. तिथे एखादी गोष्ट होईल यावर लावता येतं, तसंच होणार नाही यावरही लावता येतं. सामना चालू असताना भाव खाली-वर होत राहतात. सकाळी लावायचं, चहापर्यंत काढून घ्यायचं.

"म्हणजे जुगार," मी म्हणालो.

"छे छे. जुगार म्हणजे घोडे. हा व्यापार."

"फरक काय?"

"घोडे जेवायला थांबत नाहीत."

तो गेल्यावर मी केकच्या ताटल्या धुतल्या. मी आयुष्यभर चष्म्याचं दुकान चालवलं. लोकांना काय दिसत नाही हे ओळखणं हा माझा धंदा. आणि माझ्या बायकोचं भरतकाम मंडळ गुरुवारी सुरू व्हायचं, सलग पाच दिवस चालायचं, पाऊस आला की बंद पडायचं, जेवायला बरोबर चाळीस मिनिटं सुटायचं, आणि हिवाळ्यात पहाटे भरायचं. नऊ वर्षांत तिने घरी एक रुमालही भरून आणला नाही. मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. बायकांचं काहीतरी असेल, एवढंच वाटलं.

राग आला का? नाही. पण एक आठवलं. रोज सकाळी न्याहारीला ती विचारायची, "हॉवर्ड, तुला काय वाटतं, आज काय होईल?" मी वर्तमानपत्र बाजूला ठेवून विचार करायचो आणि सांगायचो. इंग्लंड सावरेल, किंवा आज पाऊस येईल, जे वाटेल ते. ती मन लावून ऐकायची. मध्ये बोलायची नाही. मग माझ्या कपाळावर ओठ टेकवून निघून जायची. दुकानात दिवसभर मी लोकांना विचारायचो, ही काच बरी की ही? मला मात्र कुणी काही विचारलंच, तर ते ग्वेंडाने.

म्हणजे तिचा सगळा व्यवहार माझ्या मतावर चालला होता. मला आधी कळलं असतं तर मी जास्त विचार करून सांगितलं असतं.

१ जून

लॉरेनच्या पबात गेलो. मागची खोली लहान आहे. भिंतीवर नाइजेलचा मोठा टीव्ही, आवाज बंद. शेजारी रेडिओ चालू, कारण टीव्हीवरचं चित्र रेडिओच्या मागे असतं म्हणे. त्यामुळे खोलीत प्रत्येक विकेट दोनदा पडते. आधी कानांत, मग डोळ्यांत.

तीन खुर्च्या. खिडकीजवळची ग्वेंडाची. तिच्यावर तिची हिरवी उशी अजून आहे.

"बसा," नाइजेल म्हणाला. "ती तुमचीच आहे आता."

मुनीरने नियम सांगितले. नियम ग्वेंडाचे. आपल्या खात्यात असतील तेवढ्यांवरच खेळायचं, घरातला पैसा आणायचा नाही. इंग्लंड जिंकावं म्हणून इंग्लंडवर कधीही लावायचं नाही. ज्याला काही व्हावंसं वाटतं त्याने या खोलीत बसू नये. जो जिंकेल त्याने सगळ्यांना पाजायचं. आणि ज्याचं खातं रिकामं होईल त्याने खुर्ची सोडायची.

"खुर्ची सोडायची म्हणजे?"

"म्हणजे पुढच्या बाजूला जाऊन डार्ट खेळायचे," दारातून लॉरेन म्हणाली. पब तिचा आहे, आणि तोंडही तिचंच. "माल्कम गेला तसा. बिचारा अजून या दाराकडे बघत बिअर पितो."

ग्वेंडाच्या खात्यात बरीच रक्कम आहे. ती आता कायद्याने माझी. ती मला कशाला हवी आहे असं फिलिपाने विचारलं तर मला सांगता येणार नाही. पण खुर्ची हवी आहे. या दोघांनी जी ग्वेंडा पाहिली ती मी पाहिली नाही. ते तिच्याबद्दल बोलतात तेव्हा मला ती कुणा दुसऱ्याचीच बायको वाटते, आणि मला तिची ओळख करून घ्यायची आहे.

६ जून

दक्षिण आफ्रिकेविरुद्ध चार सामने आहेत. आज पहिला, लंडनला.

मी खोलीत शिरायच्या आत नाइजेल उठून उभा राहिला. "काय राजे, आज काय होणार?"

मी रात्री हवामानाचे अंदाज वाचले होते. म्हणालो, सामना अनिर्णित राहील, पाच दिवसांत तीन दिवस पावसाचे आहेत. दोघांनी मान डोलावली आणि लगेच टाइप करायला लागले. माझं बोलणं पुरं व्हायची वाट पाहिली एवढंच.

मी अनिर्णितावर लावले. मुनीरने मला उलट बाजूही समजावली. एखादी गोष्ट होणार नाही यावर लावलं आणि ती झालीच नाही, तर थोडं मिळतं. पण ती झाली, तर मिळायचं होतं त्याच्या कितीतरी पट भरावं लागतं. "म्हणून खात्रीचा माल हाती असल्याशिवाय विरुद्ध लावायचं नसतं," तो म्हणाला.

"तुमच्याकडे असतो का खात्रीचा माल?"

"हल्ली आहे," मुनीर म्हणाला आणि मला खारवलेले शेंगदाणे दिले.

९ जून

सामना चौथ्या दिवशी संपला. इंग्लंड हरलं. पाऊस इतका कमी पडला की मैदानावरची हिरवळ पिवळी दिसत होती.

मी हरलो, पण दोघांचं वागणं फार चांगलं होतं. नाइजेलने सगळ्यांना पाजलं. मी म्हटलं, नियमाप्रमाणे जिंकणाऱ्याने पाजायचं ना? तो म्हणाला, "आजचा दिवस ग्वेंडाच्या आठवणीत."

२८ जून

दुसरा सामना, बर्मिंगहॅम. काल मी सांगितलं, दक्षिण आफ्रिका मोठी धावसंख्या उभारेल. सगळा विचार नीट करून सांगितलं. खेळपट्टीचे फोटो पाहिले, दोन्ही संघांचे आकडे पाहिले. नाइजेलने विचारलं, "अगदी नक्की?" मी म्हणालो, अगदी. त्याने डोळे मिटून क्षणभर छातीवर हात ठेवला.

दक्षिण आफ्रिका जेवणाआधी बाद झाली. सगळी.

एकदा मला नाइजेलच्या पडद्यावर दिसलं की त्याने माझ्या बरोबर उलट लावलं आहे. मी विचारलं तर म्हणाला, "तो विमा आहे, हॉवर्ड. तुमच्या मतावर मी सगळा डाव लावतो, मग थोडा विमा नको का?" जबाबदार माणूस आहे.

३ जुलै

आज सामना नव्हता तरी पबात गेलो आणि सहज तिच्या खुर्चीवर बसलो. लॉरेनने चहा आणून ठेवला.

खिडकीतून चर्चच्या आवारातला बाक दिसतो. तो माझा बाक. दुकान होतं तेव्हापासून मी दुपारी एकला तिथे बसून सँडविच खातो. निवृत्त झाल्यावरही जात राहिलो, कारण नाही गेलो तर दुपार कुठे ठेवायची कळत नसे. मला वाटायचं, मी तिथे एकटा जेवतो.

"तुम्ही बसलात की ती म्हणायची, 'चला, लंच झाला'," लॉरेन म्हणाली. "पंचांच्या आधी. तुम्ही उशीर केलात तर तिची चुळबुळ सुरू व्हायची. एकदा तर चांगला चालता सौदा सोडून उठली होती. मग तुम्ही आलात. चालताना बुटाची नाडी सुटली होती म्हणे."

मी चहा संपवला. थंड झाला होता.

१२ जुलै

फिलिपाचा फोन. तिला सगळं सांगितलं. आधी ती चिडली, मग आईचं ऐकून हसली, मग मी न्याहारीचं सांगितलं.

"थांबा बाबा. आई रोज तुम्हाला विचारायची? आणि मग जाऊन पैसे लावायची?"

"हो. आणि जिंकायची. नऊ वर्षांत फारच थोड्या वेळा हरली असं मुनीर म्हणतो."

"आणि तुम्ही एकट्याने लावता तेव्हा?"

"अजून जम बसलेला नाही."

पलीकडून एक चमत्कारिक आवाज आला, शिंक दाबल्यासारखा.

"काय झालं?"

"काही नाही. बाबा, त्या दोघांनी या उन्हाळ्यात काही विकत वगैरे घेतलंय का?"

मी सांगितलं, नाइजेलने नवी गाडी घेतली आहे, निळी, आणि मुनीर घराला काचेची खोली जोडतो आहे. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही खेळणं थांबवा." मी म्हणालो, थांबवलं तर खुर्ची जाईल. तिने कुठली खुर्ची असं विचारलं. मला ते फोनवर सांगता आलं नाही.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "निदान त्यांना आधी सांगू नका तुम्ही काय लावताय ते."

पण त्यांनी विचारलं तर न सांगणं उद्धटपणाचं दिसेल.

२२ जुलै

तिसरा सामनाही हरलो. इंग्लंड जिंकलं. आता मालिकेत इंग्लंड पुढे—

वरचं खोडतो. मी चुकलो आहे. दुसरा सामना इंग्लंडने जिंकला, तिसरा दक्षिण आफ्रिकेने. म्हणजे दक्षिण आफ्रिका पुढे आहे, आणि मी हरलो ते इंग्लंड हरणार नाही यावर लावून. डोकं ठिकाणावर नाही. आज तिचे कपडे चर्चच्या दुकानात दिले. बाईने पावती देऊ का म्हणून विचारलं.

खात्यात फार थोडं उरलं आहे. खुर्ची जाणार, हे मी नाइजेलला आजच सांगून टाकलं. तो इतका घाबरला की त्याचा पेला कलंडला.

"जाणार म्हणजे? कुठे जाणार? मुनीर, हॉवर्ड जाणार म्हणतोय!"

मुनीर दातांच्या एका रोग्याला फोनवर काहीतरी सांगत होता. त्याने फोन बंद केला. "शक्य नाही," तो म्हणाला. "आता कुठे आपली गाडी रुळावर आलीये."

मग नाइजेलला आठवलं की मागच्या वर्षीच्या एका सौद्यात ग्वेंडाचा वाटा त्याच्याकडे राहून गेला होता. त्याने तिथल्या तिथे माझ्या खात्यात भरला. मी नको म्हणालो तर म्हणाला, "तिचाच आहे हो. तुम्ही फक्त बसा. बसा आणि मत द्या."

आजवर कुणाला माझी इतकी गरज वाटली नव्हती. मी खाली पाहत राहिलो, चेहरा दिसू नये म्हणून.

१५ ऑगस्ट

शेवटचा सामना, मँचेस्टर. इंग्लंडला मालिका वाचवायची तर जिंकायलाच हवं.

आज मी एक चूक केली. ती लिहिणं भाग आहे.

सकाळी चहा करताना दूधवाल्याच्या गाडीवर रेडिओ चालू होता. कुणीतरी म्हणत होतं की आज हवा स्वच्छ आहे आणि मैदान भरलं आहे. अचानक मला वाटलं, इंग्लंड जिंकावं. कारण काही नाही. आकडे नाहीत, हवामान नाही. एप्रिलपासून मला काहीच व्हावंसं वाटलेलं नव्हतं. सकाळ व्हावी असंही नाही. आणि आज दुधाची बाटली हातात धरून मला वाटलं, जिंकावं यांनी.

मी जे उरलं होतं ते सगळं इंग्लंडवर लावलं. स्वयंपाकघरातच, उभ्या उभ्या.

मग पबात गेलो. नाइजेल दारातच होता. "बोला राजे. शेवटचा डाव आहे. मी आणि मुनीरने ठरवलंय, या वेळी हात राखायचा नाही."

मला सांगता येईना. ग्वेंडाच्या खुर्चीसमोर उभं राहून, ग्वेंडाचा नियम मोडून इंग्लंडवर लावले, तेही मनातून वाटलं म्हणून, हे दोन पुरुषांना कसं सांगायचं? तोंडाला येईल ते म्हणालो.

"अनिर्णित," मी म्हणालो.

"अनिर्णित!" नाइजेल म्हणाला. "हल्ली इंग्लंडचा सामना अनिर्णित होतो तरी का?"

"हा होईल."

"किती लावलेत?"

"सगळे."

नाइजेलने मुनीरकडे पाहिलं. मुनीरने हळूच, जवळजवळ भक्तिभावाने, विचारलं, "सगळे?"

"सगळे."

"लॉरेन!" नाइजेल ओरडला. "हॉवर्डला अर्धा पाइंट बिअर! नको, पूर्ण दे!"

मग दोघंही पडद्यांवर वाकले. नाइजेल दोनदा बँकेशी फोनवर बोलला. मुनीर बायकोशी उर्दूत बोलला, त्यात मला फक्त मध्येच इंग्रजीत आलेलं 'काचेची खोली' एवढं कळलं. माझ्या शब्दावर त्यांनी किती ओतलं असेल याची मला कल्पना नाही. पण अनिर्णितावर लावलेलं हरलं तर लावलेलंच जातं, एवढं मला माहीत होतं. म्हणून फार वाईट वाटून घेतलं नाही. थोडं घेतलं.

१९ ऑगस्ट

आज सामना संपला.

शेवटच्या दिवशी दक्षिण आफ्रिकेला दिवसभर टिकायचं होतं. चहाला त्यांचे सात बळी गेले होते. मला इंग्लंड जिंकायला हवं होतं, पण मी तर अनिर्णितावर लावले आहेत असं सांगून बसलेलो. त्यामुळे आठवी विकेट रेडिओवर पडली तेव्हा मी "अरेरे" म्हणालो. आश्चर्य म्हणजे नाइजेलही "अरेरे" म्हणाला. मुनीरने कपाळावर हात मारला. मग तीच विकेट टीव्हीवर पडली आणि आम्ही तिघांनी परत "अरेरे" केलं.

दारातून लॉरेनने डोकं आत घातलं. "तुम्ही नक्की कुठल्या देशाचे आहात? पुढे सगळे बाकांवर चढून नाचताहेत."

"आम्ही हॉवर्डच्या बाजूने आहोत," नाइजेल म्हणाला. त्याचं कपाळ घामाने ओलं होतं.

केवढी ही दोस्ती. स्वतःचा देश जिंकत असताना ते माझ्यासाठी हळहळत होते. आणि मी त्यांच्याशी खोटं बोललो होतो.

नववी विकेट पडली. आता शेवटची जोडी. अकरावा खेळाडू बॅट अशी धरून उभा होता, जणू ती त्याला कुणी थोडा वेळ धरायला दिली आहे. बारा षटकं उरली. मी टेबलाखाली बोटं एकमेकांत अडकवून बसलो होतो. नाइजेलची बोटंही टेबलाखालीच होती. मुनीर पुटपुटत होता.

तो अकरावा खेळाडू बाद झाला नाही. चेंडू त्याच्या बॅटला लागला, पायाला लागला, एकदा हेल्मेटला लागला. मग ढग आले. पंचांनी आकाशाकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि प्रकाश पुरेसा नाही म्हणून सगळे आत गेले. पाऊस पडला नाही. फक्त अंधारलं. रेडिओ म्हणाला, सामना अनिर्णित. थोड्या वेळाने टीव्हीही म्हणाला.

सगळं गेलं होतं. खुर्चीही.

नाइजेलचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. तो उठला, टेबलाला धरून, आणि माझ्यासमोर हात केला. "अभिनंदन, हॉवर्ड," तो म्हणाला. "तुम्ही बरोबर निघालात."

"अभिनंदन," मुनीर म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. माझ्या जिंकण्याने माणसाला इतकं भरून येतं हे पाहून मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आणि जिंकणाऱ्याने पाजायचं. नियम ग्वेंडाचा. मी घरखर्चाच्या पाकिटातून सगळ्यांना पाजलं. पुढच्या बाजूच्या माल्कमलासुद्धा. नाइजेलने पेला एका घोटात रिकामा केला आणि लॉरेनला म्हणाला, "निळी गाडी कुणाला हवी असेल तर सांग."

मला वाटलं, त्याला आणखी मोठी घ्यायची असेल.

२४ ऑगस्ट

पाच दिवस घराबाहेर पडलो नाही. जिंकलो असं मानणाऱ्या लोकांना खुर्ची सोडतो हे कसं सांगायचं ते सुचत नव्हतं. खरं सांगितल्याशिवाय ते जमणार नव्हतं. आज गेलो.

मागच्या खोलीत नाइजेल एकटाच होता. स्टुलावर चढून भिंतीवरच्या टीव्हीचे स्क्रू काढत होता. बाहेर त्याच्या बायकोची छोटी गाडी उभी होती.

"मुनीर कुठे आहे?"

"दवाखान्यात. आता शनिवारीही उघडा ठेवतो."

"नाइजेल, मला खुर्ची सोडावी लागेल. खातं रिकामं झालं."

"रिकामं? तुम्ही जिंकलात की हो. जिंकलेले तुम्ही एकटेच."

"तेच सांगायला आलोय. मी जिंकलो नाही. मी खोटं बोललो. मी इंग्लंडवर लावले होते."

तो स्क्रू फिरवायचा थांबला.

"इंग्लंडवर?"

"हो. सगळे. जिंकावं असं वाटलं म्हणून. सांगायची लाज वाटली. तुम्ही पुढे काय लावलंत ते मला माहीत नाही, पण माझ्यामुळे काही—"

"म्हणजे तुम्ही हरलात."

"हो."

"या वेळीही हरलात."

"हो. सॉरी."

नाइजेल स्टुलावरून खाली उतरला आणि बिअरच्या रिकाम्या क्रेटवर बसला. आधी वाटलं त्याला बरं वाटत नाहीये. मग तो हसायला लागला. इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं, आणि टीव्ही पुसायच्या फडक्याने त्याने डोळे पुसले. लॉरेन बघायला आली आणि परत गेली.

"म्हणजे हिशेब चोख होता," तो म्हणाला. "शेवटपर्यंत चोख."

"कुठला हिशेब?"

"सोडा. हॉवर्ड, एक विचारू? ग्वेंडा न्याहारीला विचारायची, तेव्हा तिलाही असंच काहीतरी सांगायचात? लाजेखातर? तिला बरं वाटावं म्हणून?"

"छे," मी म्हणालो. "ग्वेंडाला मनात असेल तेच सांगायचो."

"नऊ वर्षं? एकदाही दुसरं काही नाही?"

"तिला कशाला दुसरं सांगेन?"

त्याने खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं.

"आम्हाला वाटलं, बाईंना एक युक्ती सापडलीये," तो म्हणाला. "वाटलं, युक्ती उचलली की झालं. युक्ती काहीच नव्हती हो. तिला तुम्ही खरं सांगत होता, एवढंच होतं."

माणूस सगळं घालवून बसला होता, आणि तरी आमच्या संसाराबद्दल इतकं चांगलं बोलला. अशा वेळी काय म्हणतात ते मला येत नाही. उरलेले स्क्रू निघाल्यावर मी टीव्हीचं दुसरं टोक धरलं.

टीव्ही जड होता आणि मागचा दरवाजा अरुंद. चौकटीत येऊन आम्ही अडकलो.

"डावीकडे वळवू की उजवीकडे?" नाइजेलने विचारलं.

मी नीट पाहिलं, अंदाज घेतला. "डावीकडे," मी म्हणालो.

त्याने उजवीकडे वळवला, आणि कुठेही न घासता तो बाहेर निघाला.